शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कॉलेजांसारखा वादविवाद कसा भरवावा

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेत बहुतेकदा वाद होतच नाही. वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली मुलं आळीपाळीने माइकसमोर येतात, पाठ केलेलं भाषण म्हणतात, घंटा वाजली की उतरतात. आधीचा काय बोलून गेला याच्याशी पुढच्याला देणंघेणं नसतं. ती खरं तर वक्तृत्व स्पर्धाच असते, फक्त अर्धे वक्ते ‘अनुकूल’ आणि अर्धे ‘प्रतिकूल’. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतल्या कॉलेजांनी याहून वेगळा आणि चांगलाच चुरशीचा प्रकार बसवला होता. तो आपल्या कॉलेजात किंवा वाचनालयात करून पाहायचा असेल तर काय काय करावं लागेल, ते सांगतो.

आधी वक्तृत्व वेगळं काढा

तिकडे या दोन गोष्टींची गल्लत नव्हती. वक्तृत्वाची परंपरा जुनी. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्गला, नॉक्स कॉलेजच्या गावी, १८७४ मध्ये आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धा सुरू झाली. आधी कॉलेजात पहिलं यायचं, मग राज्यात, मग राज्याराज्यांची लढत. विस्कॉन्सिनचा रॉबर्ट ला फॉलेट १८७९ मध्ये ती जिंकला. विषय काय, तर शेक्सपिअरचा खलनायक इयागो! हाच पुढे राज्याचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. पॉल रॉब्सन मोठा गायक-नट म्हणून आपल्याला माहीत असतो, पण १९१५ ते १९१९ या काळात रटगर्स कॉलेजात त्याने चारही वर्षं वक्तृत्वाचं बक्षीस घेतलं होतं.

या स्पर्धांमधली एक युक्ती जरूर उचला. भाषण लिहून आधीच द्यायचं. विचार आणि भाषा तपासणारे परीक्षक वेगळे, ते फक्त कागद वाचणार. सभागृहात बसणारे परीक्षक वेगळे, ते फक्त सादरीकरण ऐकणार. दोन्हीकडचे गुण मग एकत्र करायचे. गोड गळा आणि पोकळ मजकूर असलेला स्पर्धक यात आपोआप मागे पडतो.

वक्तृत्व एवढ्यावरच सोडू. ते दुसऱ्या दिवशी घ्या, वादविवादाच्या दिवशी नको.

दोनच कॉलेजं, फार तर तीन

१८९२ मध्ये हार्वर्ड आणि येल समोरासमोर आले आणि आंतरमहाविद्यालयीन वादाची लाट उसळली. एका संध्याकाळी एकच सामना, दोनच संघ, प्रत्येकात तीन वक्ते. फुटबॉलच्या सामन्यासारखीच ईर्षा, आणि जिंकणाऱ्या संघाचं गावात स्वागत. १९०६ मध्ये शिकागोला डेल्टा सिग्मा ऱ्हो ही वादपटूंची मानाची संस्था निघाली, १९१३ मध्ये पाय कॅप्पा डेल्टा. सभासदाला किल्लीच्या आकाराचं पदक मिळे आणि पोरं ते मिरवत.

तीन कॉलेजं जमत असतील तर त्यांची तिहेरी पद्धत वापरा, ती फार हुशारीची आहे. प्रत्येक कॉलेजाने एकाच विषयावर दोन संघ तयार करायचे, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. मग एकाच रात्री तीन गावांत तीन सामने. एक संघ घरच्या मैदानावर, दुसरा बाहेरगावी. कराड, सांगली आणि कोल्हापूर अशी कॉलेजं घेतलीत तर संघांना एसटीने जाऊन त्याच रात्री परतता येईल. तेव्हा दुसऱ्या गावचा निकाल तारेने कळायचा, आता मोबाइल आहे.

तिहेरी पद्धतीचा खरा फायदा तयारीत आहे. दोन्ही संघ एकाच कॉलेजात, एकाच टेबलाभोवती महिनाभर एकमेकांशी भांडतात. समोरचा काय बोलणार हे सामन्याच्या आधीच घासूनपुसून झालेलं असतं.

विषय: हो किंवा नाही म्हणता येईल असा ठराव

‘विज्ञान: शाप की वरदान’ हा विषय विसरा. अमेरिकन पोरांचे ठराव त्या वेळी कायदेमंडळात अडकलेल्या प्रश्नांवर असत: केंद्रीय आयकर लावावा का, सिनेटर थेट लोकांनी निवडावेत का, अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपाइन्सला स्वातंत्र्य द्यावं का. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांवर १९१३ मध्ये घटनादुरुस्त्याच झाल्या, म्हणजे पोरं कॉलेजात जे भांडत होती तेच देश भांडत होता.

ठराव ठरवताना तीन गोष्टी पाहा. त्यात एकच प्रश्न असावा. सध्या जे चालू आहे ते बदलण्याची मागणी त्यात असावी, कारण मग सिद्ध करण्याची जबाबदारी अनुकूल बाजूवर पडते आणि वादाला कणा मिळतो. आणि दोन्हीकडे खरोखर दम असावा. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सरपंचाच्या निवडीचं घ्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रात थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. सरकारांनाच ज्यावर दोनदा मत बदलावं लागलं, त्यावर मुलांना नक्कीच भांडता येईल. ठराव लिहायचा तो असा: ‘सरपंचाची निवड ग्रामपंचायत सदस्यांमधून व्हावी.’

ब्रीफ: सगळा जीव इथे

हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर युक्तिवाद शिकवत. त्यांचं पुस्तक १८९५ चं. त्यानंतर १९०८ मध्ये विल्यम ट्रूफंट फॉस्टर यांचं आलं. दोघांचाही भर भाषणावर नव्हता, भाषणाच्या आधीच्या कागदावर होता. त्या कागदाला ते ब्रीफ म्हणत, वकिलांसारखंच.

नियम साधा, पण पाळायला कडक. प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहायची. ‘भ्रष्टाचार’, ‘लोकशाही’ असे सुटे शब्द चालणार नाहीत. आणि खालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीचं कारण असली पाहिजे, म्हणजे दोहोंच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द बसला पाहिजे. तेव्हाचा एक गाजलेला प्रश्न घेऊ: मतदारांनी न्यायाधीशाला मुदतीआधी परत बोलवावं का? कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये हा अधिकार मतदारांना दिला. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनाच्या राज्यघटनेत हे कलम आहे म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी त्या प्रदेशाला राज्य म्हणून संघराज्यात घेण्याचा ठराव नाकारला. अनुकूल बाजूचं ब्रीफ थोडं असं दिसेल:

न्यायाधीशांना परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना असावा, कारण
१. न्यायाधीश हटवण्याचा सध्याचा मार्ग अपुरा आहे, कारण
  अ. महाभियोगासाठी गंभीर गैरवर्तन सिद्ध करावं लागतं आणि उघड पक्षपात त्यातून निसटतो;
  आ. महाभियोग चालवणाऱ्या विधिमंडळावरच रेल्वे कंपन्यांसारख्या बड्या धनिकांचं वजन असतं.
२. हा अधिकार दिल्याने न्यायदान बिघडणार नाही, कारण
  अ. परत बोलावण्यासाठी आधी ठरावीक संख्येने सह्या लागतात, त्यामुळे एका निकालावरच्या रागातून ते सहज होत नाही.

आता हे खालून वर वाचून बघा. ‘अ’ आणि ‘आ’ खरे असतील तर ‘१’ खरा ठरतो का? ठरत नसेल तर एक पायरी गाळली गेली आहे. ‘२’ खाली तर एकच कारण लटकतंय. प्रतिकूल बाजू तिथेच घाव घालणार: न्यायाधीशाने बहुमताकडे बघून निकाल द्यायचा की कायद्याकडे? सह्या गोळा होतील ही नुसती भीतीही त्याचा हात थरथरवायला पुरेशी नाही का? हे भगदाड कागदावर दिसलं तर बुजवता येतं. व्यासपीठावर दिसलं तर सामना गेला.

तुमच्या मुलांचं पहिलं ब्रीफ दोन पानांत संपेल, तेव्हा परत पाठवा. दुसरंही पाठवा. पण स्वतः लिहून देऊ नका. त्या काळातही प्रशिक्षकच सगळं लिहून देतात आणि पोरं पोपटासारखी बोलतात अशी ओरड होतीच.

पुरावा

पोस्टकार्डाएवढी कार्डं घ्या. एका कार्डावर एकच आकडा किंवा एकच विधान, खाली कुणाचं, कुठलं, कधीचं. विषयाप्रमाणे डब्यात लावा. अमेरिकेत यासाठी सोय होती. एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीने १९०७ पासून एकेका वादविषयावरची लेखसंग्रहांची मालिका काढली, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ एखाद्या प्रश्नावरची कात्रणं-पुस्तिकांची गठडी पोस्टाने उसनी पाठवत असे. तुमच्या गावच्या वाचनालयाने जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवली असतील तर तिथून सुरुवात करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा कार्डावर लिहायचा नाही, एवढा एक नियम भिंतीवर लावा.

सामन्याचं वेळापत्रक

बऱ्याच ठिकाणी प्रत्येक वक्त्याला १२ मिनिटं मांडणीला आणि नंतर ५ मिनिटं खंडनाला मिळत. सहा वक्त्यांचे मिळून १०२ मिनिटं. आपल्या श्रोत्यांसाठी ८ आणि ४ पुरे, म्हणजे सव्वा तासाच्या आत काम होतं. मांडणी अनुकूलने सुरू करायची. खंडन प्रतिकूलने सुरू करायचं आणि शेवटचा शब्द अनुकूलला द्यायचा. सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर, म्हणून ही सवलत.

पहिलं भाषण पाठ असलं तरी चालेल. खंडन पाठ करून आलेला स्पर्धक मात्र लगेच ओळखू येतो, कारण तो समोरच्याने न मांडलेल्या मुद्द्यालाही उत्तर देतो. सरावात मुलांना एवढंच सांगा: खंडनाच्या पहिल्या वाक्यात समोरच्याचं विधान त्याच्याच शब्दांत म्हणा, मग डब्यातलं कार्ड काढा.

परीक्षक

तीन. तिघे वेगवेगळे बसतील आणि आपसात कुजबुजणार नाहीत. कागदावर एकच शब्द लिहायचा, अनुकूल किंवा प्रतिकूल. गुणांचे रकाने नकोत. आणि सामन्याआधी त्यांना स्पष्ट बजावा की ठराव बरोबर आहे का हे ठरवायचं नाही, वाद कुणी चांगला केला तेवढंच ठरवायचं. आपल्याकडे मान्यवर पाहुण्यांना परीक्षक करण्याची जी हौस आहे तिला इथे आवर घाला. वकील, निवृत्त शिक्षक, पेपरात उपसंपादकी केलेला कुणी, असे कान असलेले लोक बघा.

मुलाने न पटणारी बाजू मांडावी का?

हा प्रश्न पालक विचारतीलच. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने १९१३ च्या आत्मचरित्रात याच प्रथेवर टीका केली. पटो न पटो, वाट्याला आलेली बाजू लढवा, हे शिकवणं त्याला मुळीच मान्य नव्हतं. वाद हा खेळ आहे की नागरिकाचं शिक्षण, यावर वक्तृत्वाच्या प्राध्यापकांमध्येही तेव्हा चकमकी झडल्या. माझं मत रूझवेल्टच्या विरोधात आहे. विशीतल्या मुलाला काय पटलंय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, आणि दुसरी बाजू एकदा प्रामाणिकपणे मांडल्याने त्याची निष्ठा बुडत नाही. तरी एखाद्याला जातीवर किंवा धर्मावर घाव घालणारी बाजू घ्यावी लागत असेल, तर दोष ठरावाचा. ठराव बदला.

एवढं गंभीर नको असेल तर

१९२१ मध्ये मेन राज्यातल्या छोट्याशा बेट्स कॉलेजचा संघ ऑक्सफर्डला जाऊन आला आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डवाले अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. अमेरिकन पोरं कार्डांचे डबे घेऊन, आणि ही मंडळी विनोद करत, हसत-खेळत बोलणारी. तिथून परीक्षकांऐवजी श्रोत्यांच्या मताने निकाल लावण्याची कल्पना तिकडे पसरू लागली. तुमच्याकडे गणेशोत्सवाच्या मंडपात कार्यक्रम असेल तर हाच मार्ग बरा. आत येताना प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या, वाद सुरू होण्याआधी एकीवर ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ लिहून टाकायला लावा आणि संपल्यावर तशीच दुसरी. कुठल्या बाजूने किती मतं वळवली त्यावर निकाल. पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत ठेवायला मात्र विसरू नका, आणि मोजणीला दोन्ही कॉलेजांचा एकेक माणूस बसवा.