चांदीच्या जुन्या नाण्यांची प्रतवारी आणि छायाचित्रण

नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. अमेरिकी नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून रूढ झालेल्या १ ते ७० या श्रेणीत ६० व त्यापुढचे गुण न वापरलेल्या नाण्यालाच मिळतात, म्हणून प्रथम भिंगाखाली केस, गाल, भुवई अशा उंच भागांवरची झीज पाहावी. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू तिरके केल्यास मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासून चमकवलेल्या नाण्यावर मात्र बारीक समांतर ओरखडेच दिसतात. काळपट थर हा गंधकाशी संयोग होऊन बनलेला सिल्व्हर सल्फाइड असतो. तो पुसण्याचा मोह कृपया टाळावा, कारण त्यासोबत गेलेला मूळ पृष्ठभाग कधीच परत येत नाही.

छायाचित्रासाठी कॅमेरा तिवईवर नाण्याला समांतर बसवून मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारकावे टिपणारे भिंग) वापरावी. दोन दिवे घड्याळातील दहा व दोनच्या दिशांना उंचावर ठेवावेत. दिवे खाली आणल्यास क्षुल्लक ओरखडेही अवाजवी ठळक दिसतात. फ्लॅश नकोच. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग खरे दिसावेत यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी) करड्या कार्डावर साधावा, अन्यथा चांदी पिवळसर उमटते.