फलक छापण्याआधी एक ओळ छापून बघा

स्क्रीनवर झकास दिसणारा माहितीफलक उन्हात उभा केला की वाचताच येत नाही. फ्लेक्सचे पैसे गेलेले असतात.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या जागेचा कन्नड-मराठी-इंग्रजी फलक करायचा असेल, तर आधी हे करा:

१. प्रत्येक भाषेची एकच ओळ घ्या, उदा. ‘ही बस्ती १२०४ साली बांधली.’ फलकावर असेल त्याच मापात ए-४ कागदावर छापा. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ बंद, १०० टक्के ठेवा. इथेच बहुतेकांची चूक होते.

२. कागद पुठ्ठ्याला चिकटवा आणि भर दुपारी त्या जागी, फलकाच्या उंचीवर कुणाला तरी धरायला लावा.

३. पाहुणे जिथे उभे राहतील तिथून साठीच्या एखाद्या काकांना मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्हाला मजकूर पाठ असतो! काका अडखळले तर अक्षर वाढवा. जागा पुरली नाही तर मजकूर कापा. अक्षर बारीक करून बसवू नका.

कन्नड ओत्ताक्षरं (जोडाक्षरात खाली लिहिलेली अक्षरं) आणि मराठी उकार दोन्ही ओळीखाली लोंबतात, म्हणून इंग्रजीला बेतलेलं ओळींमधलं अंतर या दोघांना पुरत नाही. ते दीडपट धरून बघा. लॅमिनेशन मॅटच घ्या, चकचकीत नको.

आणि हो, चाचणीचा कागदसुद्धा वास्तूच्या दगडाला टेपनं चिकटवू नका.