नेत्याच्या लोकप्रियतेची टक्केवारी वाचताना या चुका टाळा

पंतप्रधानांची लोकप्रियता इतक्या टक्क्यांवर गेली किंवा इतक्यांवर घसरली, अशी बातमी वर्षातून अनेकदा पणजी-मडगावच्या दैनिकांत येते. पुढे तीच टक्केवारी संस्थेचे नाव आणि तारीख गळून वॉट्सॲपवरून गावोगाव फिरत राहते. तिच्यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू बहुधा एकच चूक करतात. आकडा मनासारखा असला की तो खरा ठरतो आणि नसला की विकत घेतलेला ठरतो. सर्वेक्षणाची विश्वासार्हता मात्र त्याच्या निष्कर्षावरून ठरत नाही. कोणाला विचारले, केव्हा विचारले, कोणत्या पद्धतीने विचारले आणि नेमके काय विचारले, यांवरून ती ठरते, आणि एवढे तपासायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न न वाचताच उत्तर वाचणे

नेत्याचे काम पसंत आहे का, नेता आवडतो का, पंतप्रधान म्हणून कोण हवा आणि उद्या मतदान झाले तर मत कोणाला, हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि एकच माणूस त्यांना चार वेगळी उत्तरे प्रामाणिकपणे देऊ शकतो. बातमीत मात्र चारही उत्तरे ‘लोकप्रियता’ या एकाच नावाने येतात. अमेरिकेतील गॅलप ही संस्था राष्ट्राध्यक्षांच्या कामाविषयीचा प्रश्न अनेक दशके जवळजवळ त्याच शब्दांत विचारत आली आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर थोरल्या जॉर्ज बुश यांच्या कामाला तिच्या पाहणीत ८९ टक्के पसंती होती, आणि तेच बुश नोव्हेंबर १९९२ मध्ये जेमतेम ३७ टक्के मते मिळवून पराभूत झाले. पाहणी चुकलेली नव्हती. तिने युद्धाच्या वेळच्या कामाविषयी विचारले होते, मतदारांनी पुढे अर्थव्यवस्थेचा विचार करून मत दिले. आपल्याकडे २००४ मध्ये पंतप्रधानपदासाठी पसंतीच्या प्रश्नात अटलबिहारी वाजपेयी पुढे होते, तरीही भाजपला १३८ आणि काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या.

प्रश्नाइतकेच महत्त्व समोर ठेवलेल्या पर्यायांना असते, आणि हे गोव्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असायला हवे? १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ही नमुना पाहणी, म्हणजे निवडक लोकांना विचारून केलेली पाहणी, नव्हती, ते सर्व मतदारांना खुले असलेले मतदान होते. त्यामुळे नमुन्याच्या चुकीचा प्रश्नच तेथे नव्हता. संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. परंतु मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते आणि वेगळे घटकराज्य हा त्यांत नव्हता. ते ३० मे १९८७ रोजी मिळाले. म्हणून संघप्रदेशाच्या ‘दोन पाने’ या चिन्हावर शिक्का मारणाऱ्या त्या पावणेदोन लाख मतदारांपैकी किती जणांना संघप्रदेशच कायम हवा होता, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. एकेक मत मोजूनही जे कळत नाही, ते दीड हजार लोकांच्या पाहणीतून कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाहणीत विरोधी पक्षाचे एकच नाव दिले होते की सात, ‘यांपैकी कोणीही नाही’ असे म्हणण्याची सोय होती की नव्हती, आणि नेत्याविषयीच्या प्रश्नाच्या आधी महागाईविषयी विचारले होते की सीमेवरील कारवाईविषयी, हे आधी शोधावे.

मोठा नमुना म्हणजे खरा नमुना असे मानणे

या चुकीचे सर्वांत ठळक उदाहरण १९३६ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्यांचे होते. शिवाय पत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेणारे लोक इतरांहून वेगळ्या मताचे होते. त्याच वेळी गॅलप संस्थेचे संस्थापक जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला. शितावरून भाताची परीक्षा होते ती भांडे नीट ढवळलेले असेल तर. वरचेच शीत उचलायचे असेल तर एक उचलले काय आणि मूठभर उचलले काय, खालचा भात कच्चा असल्याचे कळणार नाही.

हा धडा जुना झालेला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाच लाखांहून अधिक लोकांशी बोलून केलेल्या मतदानोत्तर चाचणीनेही राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. मिळाल्या २९३.

उत्तर देणारे कोण होते, हे न पाहणे

जगातील नेत्यांची क्रमवारी लावणारी मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकी संस्थेची पाहणी आपल्याकडे फार मोठ्या मथळ्यांनी छापली जाते. ही पाहणी ऑनलाइन होते, आणि भारतातील नमुना साक्षर लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करतो असे ती संस्था स्वतःच नमूद करते. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील दर चार व्यक्तींमागे साधारण एक निरक्षर होती. तेव्हा तो आकडा खोटा नाही, तो देशाच्या एका मोठ्या भागाचा आहे, संपूर्ण देशाचा नाही. संस्था तसे लिहिते, बातमी करताना ते वाक्य गळते आणि दोष सर्वेक्षणाच्या माथी येतो. माझ्या मते या प्रकारात सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते.

फोनवरून घेतलेल्या पाहणीची गोव्यात आणखी एक अडचण आहे. दूरसंचार खात्याच्या रचनेत गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. यदृच्छेने क्रमांक फिरवले तर कोल्हापूरचा आणि काणकोणचा क्रमांक आकड्यांवरून वेगळा ओळखता येत नाही, आणि वास्को किंवा वेर्ण्यात कामाला असलेल्या परराज्यांतील कामगारांकडे त्यांच्या गावचे क्रमांक असतात. घरोघरी जाऊन केलेली पाहणी चांगली, पण तीही मतदारयादीतून नावे काढून केलेली असावी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उभे राहून भेटेल त्याला विचारले, तर बार्देश, पेडणे आणि डिचोलीतले बाजारहाट करणारे लोक सापडतील. सांग्यातला शेतकरी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि बोटीवर नोकरीला असलेला तारवटी सापडणार नाही. नमुन्यात कमी पडलेल्या गटांना नंतर भारांकन करून वजन दिले जाते खरे, परंतु त्यासाठी लोकसंख्येची ताजी आकडेवारी लागते, आणि २०११ नंतर जनगणना लांबलेली असल्याने गोव्यासारख्या झपाट्याने बदललेल्या राज्यात हे वजन बरेचसे अंदाजाने द्यावे लागते.

देशाचा आकडा गोव्याला लावणे

गोव्यातील वाचकाने सर्वांत सावध राहावे ते येथे. २०२४ मध्ये देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते आणि गोव्यात पावणेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे देशभरातील ३०,००० लोकांचा, राज्यांच्या मतदारसंख्येच्या प्रमाणात घेतलेला नमुना असेल तर त्यात गोव्याच्या वाट्याला साधारण ३६ माणसे येतात, आणि १०,००० चा असेल तर १२. या ३६ पैकी २० जणांनी पंतप्रधानांचे काम चांगले म्हटले तर टक्केवारी ५५ च्या पुढे जाते, पण एवढ्या लहान गटात चुकीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा किती इकडेतिकडे असू शकतो ती, दोन्ही बाजूंना १६ टक्के असते, म्हणून खरा आकडा ४० च्या आतला किंवा ७० च्या वरचाही असू शकतो. बारा माणसांत तर एकाने मत बदलले की आकडा ८ टक्क्यांनी हलतो. अशा आकड्यावर ‘गोव्याचा कौल’ असा मथळा देणे हा वाचकांवर अन्याय आहे. म्हणूनच जबाबदार संस्था लहान राज्यांचा वेगळा आकडा देत नाहीत, किंवा तेथे मुद्दाम जादा नमुना घेतात.

‘गोवा लहान आहे, येथे शे-दोनशे लोक पुरेत’ हा समजही चुकीचा आहे. चुकीची मर्यादा नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते. लोकसंख्येचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. सुमारे तीन टक्क्यांपर्यंत अचूकता हवी असेल तर देशासाठी जेवढी एक हजार माणसे लागतात, तेवढीच गोव्यासाठीही लागतात, आणि उत्तर व दक्षिण गोव्याचे चित्र वेगवेगळे हवे असेल तर प्रत्येकी एक हजार. ते वेगळे पाहण्याची गरजही आहे. २०२४ मध्ये उत्तरेत भाजपचे श्रीपाद नाईक निवडून आले आणि दक्षिणेत काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस यांनी १३,५३५ मतांनी विजय मिळवला. उत्तरेतील सत्तरी आणि दक्षिणेतील सासष्टी यांची मिळून सरासरी काढली तर जो आकडा येतो, तो त्यांपैकी कोणत्याच तालुक्याचा नसतो.

दोन टक्क्यांच्या हालचालीला कल समजणे

एक हजारांच्या दोन पाहण्यांत प्रत्येकी तीन टक्के इधर-उधर होण्याची शक्यता असते, आणि दोहोंतील फरकाची मर्यादा त्याहून मोठी, चार टक्क्यांच्या वर जाते. निवडक गावांतून गटागटाने नमुना घेतला असेल तर ती आणखी वाढते. तेव्हा ५८ वरून ५५ ला ‘घसरण’ म्हणता येत नाही. त्याच संस्थेने त्याच प्रश्नावर लागोपाठ तीन-चार वेळा एकाच दिशेचा आकडा दिला, तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा.

पाहणी प्रसिद्ध कधी झाली यापेक्षा लोकांशी बोलणे कधी झाले, ती तारीख पाहावी. धाकट्या बुश यांची पसंती सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांपूर्वी ५१ टक्के होती, ती त्याच महिन्यात ९० वर गेली आणि २००८ मध्ये २५ पर्यंत उतरली.

मौन आणि भीती मोजायला विसरणे

एक हजारांपैकी ४८० जणांनी काम चांगले म्हटले, २२० जणांनी वाईट आणि ३०० जणांनी उत्तर दिले नाही, असे समजू. सर्वांच्या प्रमाणात पसंती ४८ टक्के होते. न बोललेल्यांना वगळले की तीच पसंती ६८ टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही गणिते बरोबर आहेत, पण कोणते केले हे सांगितले नसेल तर तो आकडा बाजूला ठेवावा.

लोक का बोलत नाहीत, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे दरमहा खात्यात जमा होणाऱ्या बाईला दारात आलेल्या अनोळखी माणसाने, शेजारी ऐकत असताना, सरकारच्या प्रमुखाविषयी विचारले तर ती जपून बोलेल, आणि तिला दोष देता येणार नाही. हे ओळखून दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा विभाग राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात मताचा प्रश्न तोंडी न विचारता नमुना मतपत्रिका आणि पेटी देत आला आहे. यादीची पद्धत आणखी नाजूक आहे. निम्म्या लोकांना तीन जुन्या नेत्यांची यादी देतात आणि उरलेल्यांना त्याच यादीत सध्याच्या नेत्याचे चौथे नाव घालून देतात. कोण पसंत, हे विचारत नाहीत, यादीतले किती नेते पसंत एवढेच विचारतात. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे त्या नेत्याचा पाठिंबा. २०१५ मध्ये संशोधकांनी रशियात ही पद्धत वापरली, तेव्हा पुतिन यांचा पाठिंबा थेट प्रश्नातल्यापेक्षा काही अंकांनी कमी भरला, पण कोसळला नाही. म्हणून भीतीचे वातावरण आहे एवढ्यावरून सगळाच आकडा खोटा म्हणणे हीही चूकच ठरते.

दोन सर्वेक्षणे एकमेकांशी जुळत नसतील तर

एकाच आठवड्यात एका संस्थेने ७० आणि दुसरीने ५५ टक्के सांगितले, तर दोहोंची सरासरी काढून समाधान मानू नये. आधी प्रश्नाचे शब्द शेजारी ठेवावेत, मग पद्धत, मग तारखा, आणि शेवटी न बोललेल्यांचा हिशेब पाहावा. बहुतेक वेळा फरकाचे कारण यातच सापडते. सापडले नाही, तर खर्च कोणी केला याची चौकशी करावी. ज्या चित्रावर संस्थेचे नावच नाही, ते पुढे पाठवू नये. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणी व तत्सम माध्यमांतून जनमत चाचणी दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मनाई आहे. त्या दोन दिवसांत असे आकडे फिरताना दिसले, तर विशेष सावध राहावे.

पाहणी करणारी संस्था, ती करवून घेणारा, नमुन्याचा आकार व स्वरूप, निवडीची पद्धत आणि चुकीची संभाव्य मर्यादा ठळकपणे द्यावी, असे प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या मार्गदर्शक तत्त्वांत निवडणूकपूर्व पाहण्यांविषयी सांगितले आहे. लोकप्रियतेच्या बातमीलाही तीच कसोटी लावावी. गोव्याच्या नावाने टक्केवारी छापली असेल तेथे गोव्यातील किती जणांनी उत्तर दिले तो आकडा नसल्यास, या तत्त्वांचा उल्लेख करून संपादकांना पत्र लिहावे आणि तो मागावा.