अमेरिकेतल्या शाळेतला पोलीस आणि आपलं स्पेशल नीड्सचं मूल: आधी काय करून ठेवायचं, त्या दिवशी काय करायचं

माझा लेक तेव्हा सहावीत होता. ऑटिझम आहे, बोलतो छान, पण आवाज अचानक वाढला की कान झाकून पळत सुटतो. फायर ड्रिलच्या वेळी तसाच पळाला, कॉरिडॉरमध्ये शाळेचा पोलीस ऑफिसर उभा होता त्याने दंड धरला, याने हिसडा दिला आणि ऑफिसरच्या खांद्यावरचा रेडिओ खाली पडला. एवढंच झालं होतं. पण मला फोन आला तेव्हा त्यात असॉल्ट हा शब्द होता. आम्ही दोघं धावत गेलो आणि लहानपणापासून अंगवळणी पडलंय तसं पहिलं वाक्य निघालं, व्हेरी सॉरी सर, ही विल नॉट डू इट अगेन. पुढे वकिलाने समजावलं की ते वाक्य म्हणजे आम्ही त्याच्या वतीने दिलेली कबुलीच होती. सुदैवाने केस झाली नाही, पण ते दोन महिने कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. म्हणून हे सगळं लिहितेय, इथे राहणाऱ्या आणि आयईपी (स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेला शिक्षणाचा प्लॅन) किंवा ५०४ प्लॅन (डिसॅबिलिटी असलेल्या मुलाला शाळेत द्यायच्या सोयींचा प्लॅन) असलेलं मूल असणाऱ्या प्रत्येक मराठी आईबाबांसाठी. मी टेक्सासमध्ये आहे, तुमच्या राज्यात काही नियम वेगळे असतील ते तिथे विचारून घ्या.

आधी हा माणूस नक्की कोण ते समजून घ्या. एसआरओ म्हणजे स्कूल रिसोर्स ऑफिसर, नावात पोलीस नाही पण तो पूर्ण पोलीसच असतो, कमरेला बंदूक, बेड्या, अटक करायचा अधिकार, सगळं. काही ठिकाणी तो सिटी पोलीस किंवा शेरीफकडून येतो, आमच्या टेक्सासमध्ये तर कितीतरी आयएसडींचं (म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टचं) स्वतःचं पोलीस डिपार्टमेंट आहे. तो स्वभावाने खूप चांगला असू शकतो, आमचा सकाळी मुलांना हाय फाइव्ह द्यायचा. पण त्याने तुमच्या मुलाचा आयईपी वाचलेला नसतो, बहुतेक वेळा त्याला तो कोणी दाखवलेलाही नसतो. त्याला फक्त न ऐकणारा, डोळ्यात न बघणारा, हात झटकणारा मुलगा दिसतो, आणि ही तिन्ही आपल्या मुलांची अगदी रोजची लक्षणं आहेत. २०१५-१६ च्या सरकारी आकडेवारीत अख्ख्या देशात आयईपीवाली मुलं १२ टक्के होती, पण पोलिसांकडे पाठवलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत ती २८ टक्के होती. हे वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नव्हती.

तर खरं काम आधीच करायचं असतं, आणि ते सगळं आयईपी मीटिंगमध्ये, म्हणजे टेक्सासवाल्यांच्या एआरडीमध्ये. आपण तिथे स्पीच थेरपी किती मिनिटं, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी किती मिनिटं यावर भांडतो आणि पोलीस हा विषयच काढत नाही, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत असं होईल हे मनातच येत नाही. तुम्ही काढा. मुलाला मेल्टडाऊन होत असेल, पळायची सवय असेल, हात उगारला जात असेल तर एफबीए म्हणजे वागणुकीची तपासणी करा म्हणून लेखी मागा, ईमेलवर, तोंडी नाही. त्यात तो कधी आणि कशामुळे बिथरतो याचा नीट अभ्यास होतो आणि त्यावरून बीआयपी म्हणजे वागणुकीचा प्लॅन बनतो. त्या प्लॅनमध्ये मी आता काय लिहून घेतलंय ते सांगते: तो बिथरला तर आधी कोणाला बोलवायचं (दोन माणसांची नावं, एक सुट्टीवर असेल तर दुसरं), त्याच्याशी एकाच माणसाने आणि छोट्या वाक्यात बोलायचं, अंगाला हात लावायचा नाही, रस्ता अडवायचा नाही, शांत व्हायला कुठल्या खोलीत न्यायचं आणि साधारण किती वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, ऑफिसरला फक्त हत्यार असेल किंवा कोणाला गंभीर इजा व्हायचा धोका असेल तरच बोलवायचं, साध्या शिस्तीसाठी नाही, आणि बोलवलंच तर त्याच वेळी आम्हालाही फोन करायचा. शाळा म्हणेल की पोलीस काय करेल ते आम्ही लिहून देऊ शकत नाही. ठीक आहे, पण शाळेचा स्टाफ कधी बोलवेल ते तर लिहू शकता ना, तेवढ्यावर ठाम राहा. डिस्ट्रिक्टला सिटी पोलीस किंवा शेरीफ ऑफिसर पुरवत असेल तर त्यांच्यात बहुधा एक लेखी करार असतो, एमओयू म्हणतात, तोही मागून वाचा.

मग एक पानाची ओळख बनवा. फोटो, डायग्नोसिस एका ओळीत, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, काय आवडतं. माझ्या लेकाच्या पानावर पहिलीच ओळ आहे की ट्रेनबद्दल विचारा. आणि मुलाला घेऊन ऑफिसरला शांत दिवशी भेटा, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सगळ्यात बरं. मुलाने त्याचा युनिफॉर्म, रेडिओचा खरखराट हे सगळं आधी बघितलेलं असलं की खूप फरक पडतो, आणि ऑफिसरलाही समोर एक नाव असलेलं मूल दिसतं.

हे एवढं सगळं कशाला असं वाटत असेल तर केंटकीमधलं कोव्हिंग्टनचं प्रकरण ऐका. २०१४ मध्ये तिसरीतल्या ८ वर्षांच्या मुलाला, एडीएचडी असलेल्या, शाळेत नेमलेल्या शेरीफच्या डेप्युटीने पाठीमागे बेड्या घातल्या, आणि मनगटं इतकी लहान होती की बेड्या कोपराच्या वर दंडाला लावल्या. तो रडतोय, दुखतंय म्हणतोय, याचा व्हिडिओ नंतर जगाने बघितला. फेडरल कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की हा बळाचा घटनाबाह्य वापर होता, २०१८ मध्ये ३,३७,००० डॉलर्सची तडजोड झाली. म्हणजे न्याय मिळाला, पण तोपर्यंत चार वर्षं गेली होती. मला माझ्या मुलाच्या बाबतीत निकाल नकोय, मला तो दिवसच यायला नकोय.

आता मुलाची तयारी. आपण घरी मराठी बोलतो ते बोलायलाच हवं, पण ही वाक्यं इंग्लिशमध्येच पाठ करून घ्या: आय हॅव ऑटिझम. आय वॉन्ट माय मॉम. आय डोन्ट वॉन्ट टू टॉक. बोलता येत नसेल किंवा घाबरल्यावर वाचा बसत असेल तर हेच छापलेलं कार्ड दप्तराला बाहेरून लटकवा, खिशात नको, कारण पोलिसासमोर घाईने खिशात हात घालायचा नाही हे पण शिकवायचंय. आम्ही घरी खेळ खेळतो, आजी ऑफिसर होतात (सासूबाई सहा महिने इथे असतात), त्या मोठ्या आवाजात स्टॉप म्हणतात आणि लेक थांबून हात दिसतील असे धरतो. पहिल्यांदा सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं, नातवाला असलं काय शिकवायचं म्हणून. पण आता त्याच आठवण करतात.

एक गोष्ट तर शाळेला आणि ऑफिसरला ओरडून सांगायला हवी, ती म्हणजे इकोलेलिया. आपली बरीच मुलं प्रश्नातले शेवटचे शब्द तसेच परत म्हणतात. डिड यू पुश हिम विचारलं की उत्तर येतं, पुश हिम. आपल्याला कळतं की त्याने फक्त ऐकलेलं परत म्हटलं, रिपोर्टमध्ये मात्र ती कबुली होते. शिवाय समोरचा मोठा माणूस खूश व्हावा म्हणून सगळ्याला येस म्हणणारी मुलं वेगळीच. हे प्लॅनमध्ये लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी पोलीस पालकांना आधी न कळवता शाळेत मुलाला प्रश्न विचारू शकतात हे लक्षात ठेवा. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जे. डी. बी. केसमध्ये (नॉर्थ कॅरोलायनातला १३ वर्षांचा, स्पेशल एज्युकेशनमधलाच मुलगा, शाळेच्या कॉन्फरन्स रूममध्ये चौकशी झाली होती) म्हटलं की मूल कस्टडीत होतं का हे ठरवताना त्याचं वय बघायला हवं. कॅलिफोर्नियात तर आता १७ आणि त्याखालच्या मुलाची कस्टडीत चौकशी करण्याआधी वकिलाशी बोलणं करून द्यावंच लागतं. सगळीकडे तसं नाहीये, म्हणून मुलालाच ते आय डोन्ट वॉन्ट टू टॉक वाक्य पाठ हवं.

आणि फोन आलाच तर? गाडीत बसायच्या आधी फोनवरच सांगा की माझ्या मुलाला डिसॅबिलिटी आहे, मी आणि वकील येईपर्यंत त्याला काही विचारू नका, आणि तेच लगेच ईमेलनेही टाका म्हणजे वेळ नोंदली जाते. तिथे पोचल्यावर माफी मागू नका, काय झालं असेल याचा अंदाज बोलू नका, घरी पण असंच करतो हे तर अजिबात नको. फक्त विचारा, त्याला अटक झालीये का, आम्ही त्याला घरी नेऊ शकतो का. कुठल्याही कागदावर तिथल्या तिथे सही नको, घरी नेऊन वाचतो म्हणा. आवाज चढवू नका. घरी आल्यावर मुलाच्या अंगावर वळ, ओरखडे असतील तर फोटो काढा आणि डॉक्टरला दाखवा, आणि त्याने आपणहून जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, खोदून खोदून विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला ईमेल, की कॉरिडॉरचं कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी ते काही आठवड्यांत पुसलं जातं. ऑफिसरचा बॉडीकॅम व्हिडिओ पोलीस डिपार्टमेंटकडे वेगळा मागायचा.

शाळेने मुलाला १० पेक्षा जास्त दिवस सलग बाहेर ठेवायचं किंवा दुसरीकडे पाठवायचं ठरवलं तर त्या निर्णयापासून १० शाळेच्या दिवसांत एमडीआर (मॅनिफेस्टेशन डिटर्मिनेशन रिव्ह्यू) मीटिंग घ्यावी लागते. तिथे दोनच प्रश्न असतात. हे वागणं डिसॅबिलिटीमुळे झालं का, आणि शाळेने आयईपी नीट पाळला नाही म्हणून झालं का. एकाचंही उत्तर हो आलं तर मूल सहसा आपल्या वर्गात परत जातं (हत्यार, ड्रग्ज किंवा गंभीर इजा असेल तर मात्र ४५ शाळेच्या दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवू शकतात). या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण लक्षच देत नाही. आमच्या वेळी ड्रिलच्या आधी हेडफोन द्यायचे हे आयईपीमध्ये लिहिलेलं होतं आणि त्या दिवशी दिले नव्हते, वकिलाने विचारेपर्यंत ते आमच्याही लक्षात आलं नव्हतं. पण एमडीआर जिंकलात म्हणून पोलीस केस थांबत नाही, ते दोन वेगळे रस्ते आहेत. शाळेने स्वतः पोलिसांत तक्रार केली असेल तर प्रायव्हसीच्या नियमात बसतील तेवढे स्पेशल एज्युकेशनचे कागद तिकडे पाठवायची जबाबदारीही शाळेचीच आहे, पाठवलेत का ते लेखी विचारा.

तक्रार करायची तर राज्याच्या एज्युकेशन एजन्सीकडे एका वर्षाच्या आत, फेडरल ओसीआरकडे (शिक्षण खात्याचं नागरी हक्कांचं ऑफिस) १८० दिवसांत. २०२५ मध्ये ओसीआरची बरीच ऑफिसं आणि माणसं कमी केली होती त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबू नका. प्रत्येक राज्यात डिसॅबिलिटी असलेल्यांसाठी सरकारी पैशावर चालणारी मोफत कायदेशीर मदतीची संस्था असते, टेक्सासमध्ये डिसॅबिलिटी राइट्स टेक्सास, कॅलिफोर्नियात डिसॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया. फोन करायला लाजू नका.

एच४ वर (एच१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असाल तर पोटात गोळा येतोच, मला माहितीये. ज्युव्हेनाइल कोर्टातला निकाल इमिग्रेशनसाठी सहसा कन्व्हिक्शन धरत नाहीत, पण कुठल्याही गोष्टीला हो म्हणायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच. आणि टेक्सासमध्ये १७ पूर्ण झालं की फौजदारी केसमध्ये मूल मोठं धरतात, तेव्हा अकरावी बारावीवाल्यांनी जास्त जपा.

अजून एक, मंडळात कळेल, लोक काय म्हणतील म्हणून इव्हॅल्युएशनच टाळणारे कितीतरी आईबाबा मला भेटतात. कृपा करून शाळेला निदान एक ईमेल टाका की आम्हाला मुलाच्या वागण्याची काळजी वाटते, स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी करा. घटना घडायच्या आधी असा कागद असेल तर आयईपी नसतानाही हे शिस्तीचं संरक्षण मागता येतं, पण तपासणीला तुम्हीच नाही म्हणालात तर ते जातं.

आमचा लेक या ऑगस्टमध्ये हायस्कूलला जाईल, बिल्डिंग नवी, ऑफिसरही नवा. एक पानाची ओळख मी पुन्हा छापलीये, फोटो बदललाय, ट्रेनची ओळ तशीच आहे, आणि ऑफिसरला भेटायची वेळ मागणारा ईमेल काल पाठवलाय.