झाडांच्या फिशटँकसाठी दिवा घेताना वॅट नको, लुमेन बघा

‘एका लिटरला अर्धा वॅट’ हा जुना हिशोब ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडीला तो लावू नका. तेवढ्याच विजेत एलईडी बराच जास्त उजेड देतो, आणि जुन्या मापाने घेतलेला दिवा टाकीत झाडांऐवजी शेवाळ वाढवतो.

दिव्याच्या खोक्यावरचे लुमेन (दिवा किती उजेड देतो त्याचं माप; वॅट फक्त वीज किती लागते ते सांगतो) बघा आणि टाकीच्या लिटरने भागा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन (याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवतात) या कमी उजेडात वाढणाऱ्या पाणझाडांना लिटरमागे १५ ते २५ लुमेन पुरतात. म्हणजे ६० लिटरच्या टाकीला साधारण १,२०० लुमेन. टाकी दीड फुटाहून खोल असेल तर थोडे जास्त धरा, कारण तळापर्यंत उजेड कमी पोहोचतो. जमिनीवर पसरणारी गालिच्यासारखी झाडं हवी असतील तर ४०च्या पुढे जावं लागतं, पण मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खत आलंच. त्याची तयारी नसेल तर जोरदार दिवा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंग ६,५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा निवडा. नुसते निळे-जांभळे दिवे टाळा. त्यात झाडांचा खरा हिरवा रंग दिसतच नाही.

टी-फाइव्ह ट्यूब (बारीक ट्यूबलाइट) अजून चालू असेल तर लगेच फेकू नका, मात्र तिचा उजेड हळूहळू मंदावतो, म्हणून वर्षा-दीड वर्षाने बदला. नवी टाकी असेल तर टायमर लावून सुरुवातीला रोज सहाच तास दिवा ठेवा.