सीएची नोकरी, तान्हं मूल आणि एकच कालनिर्णय

नव्याने सीए झालेल्या मुली भेटल्या की एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, मूल झाल्यावर फर्म सोडावी लागते का?" काम झेपत नाही म्हणून सोडणाऱ्या मुली मी तशा कमीच पाहिल्या. "सर, थोडं कमी काम द्या" एवढंच म्हणाल्या, मग हातात उरलेल्या किरकोळ व्हाउचिंगला, म्हणजे पावत्या-बिलं तपासत बसण्याला, कंटाळून निघून गेल्या, अशा मात्र बऱ्याच पाहिल्या. म्हणून माझं सांगणं एवढंच: काम कमी मागू नका, कुठलं काम हवं ते नेमकं मागा.

आपल्या व्यवसायात एक बरं आहे. कामाचा लोंढा कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस, 11 ला विक्रीचं जीएसटी रिटर्न म्हणजे जीएसटीआर-वन, 20 ला कर भरायचं रिटर्न म्हणजे थ्री-बी, एप्रिलमध्ये बँकांचं ब्रँच ऑडिट, 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिट. मुदतवाढ मिळते कधी कधी, पण ती अगदी गळ्याशी आल्यावर जाहीर होते. तिच्या भरवशावर घर चालत नाही. बाळाच्या लसींचंही असंच, 6, 10 आणि 14 आठवडे, मग 9 महिने. आमच्याकडे या सगळ्या तारखा स्वयंपाकघरातल्या एकाच कालनिर्णयवर लिहिलेल्या असत. लसीकरण हे नवऱ्याचं खातं होतं, म्हणजे दवाखान्यात नेण्यापासून रात्रीच्या तापापर्यंत सगळं. नुसतं गाडी काढून सोडायला येणं याला मी खातं सांभाळणं म्हणत नाही.

कायदा क्लायंटला समजावता तसा स्वतःसाठीही वाचा. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 ला झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं असावं. त्यामुळे दिवस गेलेले असताना नोकरी बदलणार असाल तर आधी हे 80 दिवस मोजा. आणखी एक मेख आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला हे सहसा लागू होत नाही, आणि आपल्यातल्या कितीतरी फर्म तेवढ्याच असतात. तिथे मुलाखतीतच रजेचं विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

रजेवरून परतल्यावर खरा त्रास कळवळ्याचा होतो. आधीच्या फर्ममध्ये मला ऐकवलं गेलं, "तू आता आरामात कर गं, तो मोठा क्लायंट दुसरं कुणीतरी बघेल." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अप्रेझलच्या वेळी दाखवायला माझ्याकडे काय उरणार होतं? अशा वेळी सरळ म्हणायचं, "सर, क्लायंट माझ्याकडेच राहू द्या, प्रवास दुसऱ्याला द्या."

पुढच्या फर्ममध्ये मी तेच केलं. मुलगी अंगावर पीत होती आणि एप्रिल तोंडावर आला होता. ब्रँच बँक देते, पण फर्मला मिळालेल्यांपैकी कुठली कुणाकडे जाणार हे पार्टनरच्या केबिनमध्ये ठरतं. मार्चमध्येच जाऊन म्हटलं, "सर, मला बार्शी नको, पुण्यातली ब्रँच द्या. त्या बदल्यात सगळ्या ब्रँचचे एलएफएआर मी तपासते." एलएफएआर म्हणजे ब्रँच ऑडिटसोबत द्यायचा लांबलचक प्रश्नोत्तरी अहवाल. सरांना घासाघीस करावीच लागली नाही, कारण एलएफएआर कुणालाच नको असतो.

ब्रँचमध्ये पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांना सांगितलं की बाळासाठी दूध काढायला दिवसातून दोनदा मला आतून कडी लागणारी खोली हवी. मिळाली ती स्टेशनरीची खोली. जुनी लेजर, चलनांचे गठ्ठे, एक स्टूल आणि घरघरणारा पंखा. दाराबाहेर शिपाईकाका. फॉर्म न्यायला कुणी आलं की म्हणायचे, "आत ऑडिट चालू आहे, नंतर या." काढलेलं दूध साधारण 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. आपल्याकडची एप्रिलची दुपार काही 25 अंशांची नसते, तेव्हा बर्फाचे पॅक घातलेला डबा सोबत हवाच. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत बाळाला पाजायला रोज दोन सुट्या देण्याची तरतूद कायद्यातच आहे. मागताना ओशाळू नका.

पाळणाघर ऑफिसजवळ की घराजवळ? माझं मत घराजवळ. ऑफिसजवळ असेल तर आणायला जाणारं माणूस कायम तुम्हीच. घराजवळ असेल तर नवरा, सासूबाई, वेळ पडली तर शेजारच्या वहिनीही जातील. आमच्या पाळणाघराच्या काकूंना सप्टेंबरअखेरीस फोन केला, "काकू, आज नऊ वाजतील." त्या म्हणाल्या, "अगं, टॅक्सचं पोर्टल स्लो असेल ना? जेवून घे, हिला मी भात भरवलाय." त्यांच्याकडे आमच्यातल्याच दोघीतिघींची मुलं होती. पोर्टल रडलं की पाळणाघर उशिरापर्यंत चालू, हे त्यांना पाठ झालं होतं.

एक बारीकशी सूचना. डीएससीचं टोकन, म्हणजे तुमची डिजिटल सही असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. "मॅडम घरी आहेत" म्हणून ते आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ पोराच्या, ड्रॉवरमध्ये राहिलं, तर सही कुणीही करो, जबाबदारी तुमचीच.

पुढे पार्टनर व्हायचं असेल तर हेही लक्षात असू द्या. पार्टनर कर्मचारी नसते, त्यामुळे 26 आठवड्यांचा हक्क तिथे संपतो. रजेच्या महिन्यांत नफ्यातला वाटा तोच राहणार का, तुमचे क्लायंट कोण सांभाळणार आणि परत आल्यावर ते तुमच्याकडे येणार का, हे भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्येच लिहून घ्यावं लागतं. दुसऱ्यांच्या डीडमधली कलमं आपण रोज तपासतो. स्वतःच्या डीडमध्ये हे कलम सही करायच्या आधी घाला, मूल व्हायचा विचार मनात असो वा नसो. बातमी कळल्यानंतर तोच मुद्दा काढलात तर सगळ्यांना तो सवलतीचा अर्ज वाटतो.