बाथरूमला गोल खिडकी बसवताय? या चुका टाळा

नवीन घराच्या दर्शनी भिंतीवर गोल खिडकी उठून दिसते, यात वाद नाही. पण बाथरूमच्या खिडकीचं पहिलं काम वाफ आणि कोंडलेली हवा बाहेर काढणं हे आहे. नकाशावर गोल काढताना नेमकं तेच विसरलं जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्की, न उघडणारी काच. गोलात स्लायडिंग बसत नाही, म्हणून फॅब्रिकेटर (खिडकी बनवणारा कारागीर) फिक्स काच सुचवतो आणि आपण हो म्हणतो. उजेड मिळतो, हवा मिळत नाही. पावसाळ्यात छताला काळी बुरशी धरते, दाराची चौकट फुगते. आत गॅस गिझर असेल तर गोष्ट जिवावर बेतते. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास; अंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. म्हणून खिडकी कुठलीही असो, गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच लावा. हात जोडून सांगतो, यात तडजोड करू नका.

उघडणारी हवी तर मध्यावर दोन पिनांवर फिरणारी पिव्हट खिडकी गोलाला सोयीची. वरचा अर्धा भाग आत आणि खालचा बाहेर झुकेल अशी बसवून घ्या, म्हणजे काचेवरचं पाणी बाहेरच ओघळतं. उलटी बसली तर तेच पाणी आत येतं. भिंत 9 इंची असेल तर चौकट आतल्या कडेला आणि ग्रिल बाहेरच्या कडेला घ्या. मधल्या जागेत खिडकी हवेपुरती उघडते आणि डासांची जाळी ग्रिललाच आतून लावता येते. 6 इंची भिंतीत एवढी जागा मिळत नाही. तिथं काच पक्की ठेवून एक्झॉस्ट फॅनला वेगळं भोक ठेवणं बरं. मात्र दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट हवी, नाहीतर फॅन हवा ओढणार कुठून?

माप घेताना गोलाचा व्यास पाहून फसू नका. दीड फुटी चौकोनी खिडकी सव्वादोन चौरस फूट भरते, तर दीड फुटी गोल पावणेदोनच. त्यात चारी बाजूंनी 2 इंच चौकट गेली की हाती राहतं जेमतेम एक चौरस फूट. माझ्या मते 2 फुटांपेक्षा लहान गोल बाथरूमला घेऊच नये. वरची कड 7 फुटांवर, लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीला ठेवली तर खालची 5 फुटांवर येते. शेजारची गच्ची किंवा जिना समोर असेल तर काच धूसरच घ्या. घासून धूसर केलेली काच ओली झाली की पारदर्शक होते, त्यामुळे तिची खरखरीत बाजू आत घेऊ नका.

टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, भट्टीतून आल्यावर कापता येत नाही. म्हणून तिची ऑर्डर गिलावा आणि टाइल झाल्यावरच, प्रत्यक्ष माप घेऊन द्या. भिंतीत गोल नीट उतरावा म्हणून गवंड्याला बांधकामाच्या वेळीच लोखंडी पट्टीची रिंग करून द्या. नंतर भिंत फोडून काढलेला गोल कधी सरळ येत नाही.

आता पाण्याचं. साताऱ्यात पावसाची झड पश्चिमेकडून, यवतेश्वराच्या डोंगराच्या अंगानं येते. जावळी-पाटणकडं तर विचारूच नका. गोलाच्या तळाशी पाणी साचतं, कारण चौकोनी खिडकीसारखी ग्रॅनाइटची सरळ पट्टी तिथं बसत नाही. तळाच्या कडेला बाहेरच्या बाजूनं स्पष्ट उतार द्या. छज्जा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच लांब ठेवा आणि त्याच्या खालून पाणी तोडणारी खाच काढून घ्या.

खिडकी बसून गेली आहे आणि खाली ओल येतेय? आतून सिलिकॉनचे थर चढवत बसू नका. पाणी बाहेरून शिरतंय, आतून बुजवलं तर ते भिंतीत मुरतं. कोरडे दिवस बघून बाहेरचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, फट वाळू द्या, उतार चुकला असेल तर तो आधी दुरुस्त करा आणि मग नवीन भरा.